‘माध्यमातून’ किती वेळा आले? अँटकाँक आणि मराठीतले घासून गुळगुळीत झालेले शब्द

‘अधोरेखित’ वाचले की कपाळाला आठ्या पडतात, ‘खऱ्या अर्थाने’ ऐकून कान किटले, ‘भन्नाट’ने तर वात आणला. अशी तक्रार करणारी मंडळी भरपूर आहेत, पण मोजून पाहणारी फार थोडी. न मोजता केलेली तक्रार पुष्कळदा भलत्याच शब्दावर जाते. एखादा शब्द एकदा खुपला की तो जिथे तिथे दिसू लागतो. भाषावैज्ञानिक आर्नल्ड झ्विकी यांनी २००५ मध्ये या प्रकाराला ‘फ्रीक्वेन्सी इल्यूजन’, म्हणजे वारंवारितेचा भास, असे नाव दिले. त्याच्या जोडीचा दुसरा भास म्हणजे आपल्या नुकताच लक्षात आलेला वापर भाषेतही नुकताच शिरला असावा असे वाटणे. दोन्हींवर उतारा एकच, तो म्हणजे मजकूर समोर ठेवून मोजणे.

या मोजणीसाठी सर्वांत सोयीचे फुकट सॉफ्टवेअर म्हणजे अँटकाँक. जपानमधल्या वासेदा विद्यापीठातले लॉरेन्स अँथनी ते २००२ पासून तयार करत आले आहेत. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते, आणि मजकूर आपल्याच संगणकावर राहतो, कुठे चढवावा लागत नाही. इथे परीक्षण चौथ्या मालिकेतल्या आवृत्तीचे आहे, तेही फक्त मराठीच्या कामापुरते. इंग्रजीसाठी ते चांगले आहे हे सांगायला नव्या परीक्षणाची गरज नाही. मराठीसाठीही ते चांगले आहे, पण पेटीतून काढून लगेच वापरले तर साफ चुकीचे आकडे देते, आणि चुकीचे आहेत हे सांगतही नाही.

पहिला खड्डा उघडल्या उघडल्याच आहे. फाइल मेनूत ‘क्विक कॉर्पस’ नावाची वाट दिसते (कॉर्पस म्हणजे तपासायच्या मजकुराचा संग्रह). फाइल निवडली की काम सुरू. मराठीसाठी या वाटेने जाऊ नका. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे अँटकाँक ‘टोकन डेफिनिशन’ या मांडणीवरून ठरवते आणि मूळ मांडणीत फक्त ‘लेटर’ हा वर्ण-वर्ग धरलेला असतो. युनिकोडच्या हिशेबात आपली व्यंजने आणि सुटे स्वर ‘लेटर’ आहेत, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात बसतात. त्यामुळे ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ होतात, ‘भाषा’चे ‘भ’ आणि ‘ष’, ‘शब्द’चे ‘शब’ आणि ‘द’. यादीच्या शेंड्यावर सुटी अक्षरे दिसली की समजावे, मार्क बंद आहेत.

म्हणून ‘कॉर्पस मॅनेजर’ उघडून ‘रॉ फाइल्स’ निवडावे, संग्रहाला नाव द्यावे, फाइली जोडाव्यात, एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ आहे ना ते पाहावे, टोकन डेफिनिशनमध्ये ‘लेटर’च्या जोडीला ‘मार्क’ चालू करावे आणि मगच ‘क्रिएट’ दाबावे. क्रम महत्त्वाचा आहे. चौथ्या आवृत्तीत मजकुराचा आधी एक डेटाबेस बांधला जातो. त्यामुळे मोठ्या संग्रहातही शोध झटपट होतो, पण शब्दाची व्याख्या बांधणीच्या वेळीच गोठते. नंतर मांडणी बदलून उपयोग नाही, संग्रह पुन्हा बांधावा लागतो.

दुसरा खड्डा जास्त लबाड आहे, कारण तो स्क्रीनवर दिसतच नाही. ‘खऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दांतला अर्धा र दोन प्रकारे टंकलेला सापडतो. काही कळफलक ‘ऱ’ला हलन्त लावतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच. ते अदृश्य चिन्ह मात्र लेटरही नाही आणि मार्कही नाही, त्यामुळे अँटकाँक तिथे शब्द तोडते. म्हणजे ‘खऱ्या अर्थाने’चे असे टंकलेले नमुने हातातून निसटतात आणि वर ‘या’ या सर्वनामाची संख्या उगाच फुगते. ‘या’ आधीच मराठीतल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या शब्दांपैकी एक असल्याने ही सूज कुणाच्या लक्षातही येत नाही.

उपाय सोपा आहे, पण तो संग्रह बांधण्याआधी करायचा. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये ‘र, हलन्त, अदृश्य चिन्ह’ ही जोडी शोधून तिच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालावे. त्यानंतर उरलेली अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकावीत. उलट्या क्रमाने केले तर अर्ध्या र चे रफार होतात आणि आचाऱ्यांना दिलेले जेवणाचे काम आचार्यांना जाते. दऱ्या आणि दर्या यांचेही तेच. एकदा ही गल्लत झाली की मजकुरावरून ती परत सोडवता येत नाही, म्हणून मूळ फाइलींची प्रत बाजूला ठेवलेली बरी.

असाच घोळ ‘ॲ’चा. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी, आणि सवयीने नंतरही, लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देत आले. बोलण्यातला ‘ॲक्चुअली’ लेखनात किती शिरला हे मोजायला बसलात तर हे दोन अवतार आधी एक करा. ‘महत्त्व’ आणि ‘महत्व’ यांचे तर काय सांगावे. ‘महत्त्वाची भूमिका’ हा घासलेला जोड एकाच त ने लिहिणारे इतके आहेत की दोन्ही रूपे शोधल्याशिवाय आकडा खरा येत नाही.

इतकी झाडलोट झाली की अँटकाँक भरभरून देऊ लागते. सुरुवात ‘वर्ड’ या टॅबपासून करावी. इथे प्रत्येक शब्दापुढे तो एकूण किती वेळा आला, किती फाइलींत आला आणि दर दहा लाख शब्दांमागे किती, हे रकाने येतात. नवखा माणूस पहिल्याच रकान्यावर थांबतो. घासलेला शब्द ओळखायला खरा उपयोगी रकाना फाइलींचा, ज्याला तिथे ‘रेंज’ म्हटले आहे. चाळीस वेळा आलेला ‘ऊस’ एकाच लेखात असेल तर तो लेखाचा विषय आहे. चाळीस वेळा आलेले ‘निश्चितच’ अडतीस लेखांत विखुरलेले असेल तर ती खोड आहे. विषयाचा शब्द पुन्हा पुन्हा येणारच, त्याला टाळण्यासाठी ‘सदर पीक’ वगैरे कसरती केल्या की लेखन आणखी बिघडते. म्हणून एक लेख एक फाइल हा नियम पाळावा. सगळे लेख एकाच लांबलचक फाइलीत ओतले तर रेंजचा रकाना सगळीकडे एक दाखवतो आणि अर्धे हत्यार बोथट होते.

वर्डच्या यादीत मराठीची एक मूळ अडचण लगेच समोर येते. मराठी प्रत्यय शब्दाला चिकटवते. माध्यम, माध्यमातून, माध्यमांतून, माध्यमाने, माध्यमांच्या हे अँटकाँकच्या लेखी पाच वेगळे शब्द. त्यामुळे यादी लांबते आणि एकदाच आलेल्या शब्दांचा ढीग इंग्रजीपेक्षा बराच मोठा होतो. कुठले रूप कुठल्या मूळ शब्दाचे हे सांगणारी तयार मराठी यादी सोबत येत नाही. मग तारांकनाचा आधार घ्यावा लागतो. माध्यम* असे शोधले की सगळे कुटुंब एकत्र येते. मात्र सामान्यरूपात शब्दाचे अंग बदलते, म्हणून पाणी* ला ‘पाण्यात’ सापडत नाही. तिथे पाण्या* वेगळे शोधावे, किंवा ‘रेजेक्स’ची, म्हणजे चिन्हांनी नमुना सांगून शोधण्याच्या सोयीची, खूण करून मधे उभी रेघ देऊन दोन्ही एकदम मागवावीत. उलट बाजूचा धोकाही आहे. जोर देणाऱ्या ‘च’चा अतिरेक पाहायला *च शोधले तर ‘नक्कीच’, ‘खूपच’, ‘फारच’ यांच्याबरोबर पाच, उंच, काच आणि लाचही रांगेत उभे राहतात. ते हाताने वगळावे लागतात. दुसरा रस्ता नाही.

आता या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोलाचा भाग, ‘एन-ग्रॅम’, म्हणजे सलग येणाऱ्या शब्दांच्या जुड्यांची मोजणी. घासून गुळगुळीत होतात ते बहुधा सुटे शब्द नसतातच, शब्दांच्या जुड्या असतात. ‘पार्श्वभूमी’ बिचारी निरुपद्रवी आहे, त्रास ‘या पार्श्वभूमीवर’चा आहे. एन-ग्रॅमचा आकार ३ ठेवावा, किमान वारंवारिता ५ आणि किमान रेंज ३ द्यावी, म्हणजे एक-दोन लेखांपुरतेच असलेले तुकडे बाजूला पडतात. शिवाय ‘ओपन स्लॉट’ नावाची सोय आहे, जुडीतली एक जागा मोकळी सोडणारी. मराठीला ती फार लागू पडते, कारण आपल्या जुड्यांत लिंग-वचनानुसार मधला शब्द बदलतो. ‘करण्यात आला आहे’, ‘करण्यात आली आहे’, ‘करण्यात आले आहे’, ‘करण्यात येणार आहे’ या चार जुड्या वेगवेगळ्या मोजल्या तर प्रत्येक मध्यम दिसते. मधली जागा मोकळी सोडली की चौघी एका ओळीत येतात आणि बातमीच्या किंवा सरकारी मजकुरात ही ओळ बहुधा यादीत वर जाऊन बसते.

तक्रारींचा रोख इथे बदलतो. लोक ‘भन्नाट’, ‘अफलातून’, ‘जबरदस्त’ या रंगीत शब्दांवर चिडतात, कारण ते डोळ्यांत भरतात. प्रत्यक्षात वाक्ये जड करतात त्या ‘करण्यात आले’, ‘च्या माध्यमातून’, ‘च्या अनुषंगाने’, ‘च्या दृष्टिकोनातून’ अशा बिनरंगी जोडण्या. ‘शिबिराच्या माध्यमातून तपासणी करण्यात आली’ यातले काम ‘शिबिरात तपासणी झाली’ एवढ्यावर भागते. जे काम ‘ने’, ‘त’, ‘ऊन’ हे एका-दोन अक्षरांचे प्रत्यय करत होते, तिथे आता चार-पाच अक्षरी शब्द खुर्ची टाकून बसले आहेत. केवळ कानावर विसंबणाऱ्या संपादकाला हे सहसा दिसत नाही. एन-ग्रॅमची यादी पाहणाऱ्याला पहिल्या पानावर दिसते.

एक काळजी मात्र घ्यावी. मराठीत शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचे असते, पण ‘यासंदर्भात’ आणि ‘या संदर्भात’ अशी दोन्ही रूपे सर्रास सापडतात. पहिले एक शब्द, दुसरे दोन. तीन शब्दांच्या जुड्यांत ती वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. मोठ्या निष्कर्षाआधी दोन्हींची बेरीज करावी.

‘केडब्ल्यूआयसी’ या टॅबवर शोधलेला शब्द मधल्या रकान्यात आणि त्याचे शेजारी दोन्ही बाजूंना दिसतात. उजवीकडच्या पहिल्या शब्दावर क्रम लावा आणि ‘भयंकर’ शोधा. ‘भयंकर आजार’, ‘भयंकर युद्ध’ एका बाजूला, ‘भयंकर आवडलं’, ‘भयंकर सुंदर’ दुसऱ्या बाजूला, असे दोन कळप वेगळे होताना दिसतात. विशेषण क्रियाविशेषण झाले आणि भीती गळून पडली. ‘प्रचंड’चेही तेच, संस्कृतात तो उग्र होता, आता ‘प्रचंड गोड’ म्हणताना कुणाला काही खटकत नाही. ‘मस्त’ तर फारसीत धुंद झालेला, मद चढलेला. जोर देणारे शब्द असेच झिजत असतात. जोर देण्यासाठीच वापरले गेल्याने त्यांचा जोर खर्च होतो आणि त्या जागी नवा शब्द भरती होतो. अतिवापर आणि अर्थबदल या दोन वेगळ्या घटना नाहीत हे या टॅबवर जितके स्वच्छ दिसते तितके कुठल्या व्याख्यानातही कळत नाही.

जुडी गोठून बसणे हा दुसरा प्रकार, आणि त्यासाठी ‘कोलोकेट’ आहे. डावी-उजवीकडे पाच शब्दांची खिडकी ठेवून ‘शिकस्त’ शोधा. शेजारी ‘प्रयत्नांची’ सोडून फारसे कुणी सापडणार नाही. फारसीत शिकस्त म्हणजे मोडतोड, पराभव. मराठीत त्याचा अर्थ पराकाष्ठा झाला आणि आता तो एकाच शब्दाच्या खांद्यावर जगतो आहे. ‘ऐरणीवर’ला ‘प्रश्न’ आणि ‘मुद्दा’ सोडून शेजारी नाहीत. लोहार त्या वाक्यातून कधीच निघून गेला. ‘प्रकाश टाकणे’, ‘भूमिका बजावणे’, ‘युद्धपातळीवर’ ही मंडळी इंग्रजीच्या साच्यातून उतरली, पण आज ती परकी वाटत नाहीत, फक्त थकलेली वाटतात. राजीनामा मुळात राजीखुशीचा, संमतीचा कागद. आता तो पद सोडण्याचा कागद आहे आणि याबद्दल कुणीही संपादकाला पत्र लिहीत नाही. बदल पुरेसा जुना झाला की तो चूक राहत नाही, हेही या खिडकीतून दिसते.

‘कीवर्ड’ टॅबला दोन संग्रह लागतात, एक तपासायचा आणि एक तुलनेचा. तुलनेच्या मानाने तपासायच्या मजकुरात कुठले शब्द जास्त येतात हे तो दाखवतो. इथे आकडेशास्त्र आहे, पण घाबरण्यासारखे नाही. समजा तुमचा मजकूर ३०,००० शब्दांचा आहे आणि त्यात ‘निश्चितच’ १२ वेळा आले. तुलनेचा संग्रह २० लाख शब्दांचा, त्यात ३०० वेळा. दर दहा लाखांमागे हे अनुक्रमे ४०० आणि १५० होतात, म्हणजे तुमच्याकडे पावणेतीन पटीच्या आसपास. हा फरक निव्वळ योगायोगाचा नाही याची खात्री मोजणारा लॉग-लाइकलीहूडचा आकडा येतो सुमारे ८.३६. ३.८४ ही नेहमीची किमान रेघ आणि ६.६३ ही जरा कडक रेघ, दोन्ही ओलांडल्या. तरीही बॉन्फेरोनी दुरुस्ती चालू असेल तर हा शब्द यादीत दिसणार नाही, कारण हजारो शब्दांची एकदम चाचणी होत असल्याने ती रेघ बरीच वर नेते. स्वतःचे लेखन तपासताना ही दुरुस्ती बंद ठेवावी. शोधनिबंधासाठी चालू ठेवावी.

तुलनेचा संग्रह आणायचा कुठून? लाइपझिग कॉर्पोरा कलेक्शनमध्ये मराठी बातम्या आणि विकिपीडिया यांतील वाक्यांचे संच उतरवून घेता येतात. मात्र ती वाक्ये सुटी आणि विस्कटलेली असतात, सगळी एकाच फाइलीत, म्हणून रेंज विसरा. मागच्या-पुढच्या वाक्याचा संदर्भही मिळत नाही. मराठी विकिपीडियाचा मजकूर घेतला तर एकाच साच्यात लिहिलेले गावांचे लेख वारंवारितेचा तोल बिघडवतात. ते गाळूनच घ्यावा.

कालांतराने झालेले बदल पाहायचे तर जुना मजकूर विकिस्रोत या जुन्या ग्रंथांच्या मुक्त संकेतस्थळावर आहे, आणि इथेच सर्वांत मोठी फसगत होते. शंभर वर्षांपूर्वीचा आणि आजचा मजकूर समोरासमोर ठेवून कीवर्ड मागवले की यादीच्या माथ्यावर येतात नांव, कांहीं, केलें, नाहीं, मीं. भाषा किती बदलली असे वाटते. बदलले आहे ते लेखन. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये राज्य शासनाने स्वीकारले, त्यात उच्चार नसलेले अनुस्वार गेले. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडून एकूण १८ झाले. जुन्या मजकुरातले असे अनुस्वार काढल्याशिवाय तुलना निरर्थक आहे, पण सरसकट काढले तर ‘संबंध’ आणि ‘आनंद’ही जातात. त्यामुळे सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोन-तीनशे रूपांची यादी करून तेवढीच बदलावीत. कंटाळवाणे काम आहे, एक दुपार जाते. त्यानंतर जे कीवर्ड वर येतात ते पाहण्यासारखे असतात.

पीडीएफमधून मजकूर घेणाऱ्यांनी आधी एक परिच्छेद चिकटवून पाहावा. श्रीलिपी किंवा कृतिदेव घराण्यातल्या जुन्या फाँटमध्ये रचलेले पान रोमन अक्षरांची रद्दी म्हणून उतरते. त्याला आधी युनिकोडमध्ये बदलावे लागते. त्या बदलात पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकण्याचा दोष हमखास येतो, म्हणून ‘आणि’ आणि ‘किंवा’ शाबूत आहेत का ते आधी तपासावे.

अँटकाँकला जे जमत नाही ते म्हणजे शब्दाचा इतिहास. एखादा अर्थ कधी आला हे वारंवारिता सांगत नाही. त्यासाठी शेजारी मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–३८) उघडे असावेत. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, आणि दाते-कर्व्यांत जुन्या ग्रंथांतली अवतरणे असल्याने एखाद्या ‘नव्या’ प्रयोगाचे वय अनेकदा चटकन उघडे पडते. उपरोधही या यंत्राला कळत नाही. ‘खऱ्या अर्थाने’ची टिंगल करणारा लेख त्याच्या हिशेबात त्या शब्दांचा सर्वांत मोठा चाहता ठरतो.

पर्यायांत गूगलचा एन-ग्रॅम व्ह्यूअर देखणा आहे, पण त्यात मराठी नाही. व्हॉयन्ट टूल्स ब्राउझरमध्येच चालते, काही बसवावे लागत नाही, एक-दोन लेखांवर नजर टाकायला बरे. मात्र शब्द कसे तोडले जातात यावर अँटकाँकइतका सहज ताबा मिळत नाही, आणि मराठीत सगळा खेळ त्याच ताब्याचा आहे. महिन्याला चार-पाच लेख लिहिणाऱ्याला, वृत्तपत्राच्या संपादन विभागाला, अनुवादकाला आणि भाषेच्या विद्यार्थ्याला अँटकाँक घ्यायला हरकत नाही. पहिला दिवस साफसफाईत जाईल हे गृहीत धरून.

निकाल साठवताना एक शेवटची ठेच. याद्या टेक्स्ट फाइल म्हणून बाहेर पडतात. ती फाइल दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली तर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसू शकतात. आधी कोरी शीट उघडा, ‘डेटा’ मेनूतून फाइल आयात करा, यूटीएफ-८ निवडा आणि रकाने टॅबने वेगळे करा.